गुळाचा साखरपुडा

बेलापूरच्या गनीभाई मुनशींना शब्दांचं भारी वेड. मास्तरकी संपल्यावर ते पारावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून शब्दांच्या कुळकथा ऐकवत. त्यातही जीव साखरेवर. "संस्कृतात शर्करा, म्हणजे बारीक खडे. इराणात गेली, शकर झाली. अरबांनी सुक्कर केली. साहेब तिलाच शुगर म्हणतो." लढाईहून परतलेल्या एका शिपायाकडून त्यांनी इटलीतला झुक्केरोही मिळवला होता. लोक चहा संपेपर्यंत ऐकत, मग त्यांना एकदम कामं आठवत.

शेजारच्या छगनच्या राहीची सोयरीक जमली ती शेहेचाळीस साली, कंट्रोलच्या दिवसांत. साखर कारखान्याचं धुराडं अंगणातून दिसतं आणि घरात चिमूटभर साखर नाही, आता काय म्हणावं! छगननं पुड्यात गूळ बांधला. वरबाप आप्पासाहेबांनी तो खाल्ला. "गोड ते गोड," म्हणाले. राहीनं गनीभाईंच्या हातावरही खडा ठेवला. "चाचा, आता गुळाची पन गोष्ट सांगा की," म्हणाली. पोर खुशीत होती.

थोड्याच दिवसांत आप्पासाहेबांना एका बड्या बागाईतदाराची मुलगी सांगून आली. ठरलेलं मोडायचं तर निमित्त हवं. चावडीत बैठक बसली.

"मुनशीजी, तुमच्याएवढा जाणकार पंचक्रोशीत न्हाई," आप्पासाहेब गोड आवाजात म्हणाले. "गुळाला साखर म्हनता येईल का वो?"

एवढ्या माणसांत आपल्याला विचारलं! गनीभाई हरभऱ्याच्या झाडावर चढले. "छे, छे! गुड म्हणजे गोळा आणि शर्करा म्हणजे खडे. दोघांची कुळंच वेगळी!" असं म्हणून शकर, सुक्कर करत ते थेट इटलीला पोचले. तिथून परतले तेव्हा आप्पासाहेब उठून उभे होते.

"ऐकलं ना मंडळी? साखर खाल्लीच न्हाई, तर साखरपुडा कसला?"

छगननं गनीभाईंकडे पाहिलं आणि तो चावडीच्या पायऱ्या उतरून गेला.

घरी बायकोनं, इमामबीनं ताट पुढे केलं आणि फटकारलं, "त्यानं तुमाला अर्थ इचारला न्हवता. पोरीचा गळा मागितला हुता. तुमी दिला."

गनीभाईंनी ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं शब्द गोळा केले, आणि ते कामाला आले कुणाच्या? स्वतःच्या जिभेची त्यांना किळस आली. काही दिवस ते पाराकडे फिरकलेच नाहीत. मग एका सकाळी टोपी घालून ते चालत आप्पासाहेबांच्या गावी निघाले. राहीला म्हणाले, "मी चुकलो, असं चारचौघांत सांगून येतो."

तिथं दारात मांडव होता. नवा साखरपुडा त्याच दिवशी होता.

"आप्पासाहेब, त्या दिवशी मी..."

"या, या, मुनशीजी! येळेवर आला. आदी तोंड गोड करा!" चोरबाजारातली पांढरीशुभ्र साखर मूठभर हातावर पडली. सगळा मांडव बघत होता. भरल्या मांडवात हातावर ठेवलेलं नाही कसं म्हणायचं? गनीभाईंनी ती तोंडात टाकली. त्यानंतर त्यांचं ऐकायला कुणी थांबलं नाही.

परतले तेव्हा राही उंबऱ्यात उभी होती. "चाचा, काय म्हनले त्ये?"

गनीभाई ओट्यावर टेकले. त्यांच्या मेंदी लावलेल्या दाढीत साखरेचे दोन-चार पांढरे कण अडकले होते. राहीनं ते पाहिले. ती आत गेली, तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तोंड धुवा, चाचा."