आधीचे मालक

लालबागच्या चाळीतली खोली सोडून आम्ही मुलुंड पूर्वेला राहायला आलो, तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन दीडेक वर्ष झालं होतं. नवऱ्याची गिरणी गेली ती गेलीच. त्याला भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली होती. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट, म्हणून घरासाठी कर्ज मला मिळालं. घर माझ्या नावावर झालं ते त्यामुळे. पुढे जे झालं त्यातही माझं नाव पहिलं येतं, असं मला वाटत आलं आहे.

घर जुन्या मालकांकडून घेतलेलं. स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत, मिठागरांच्या बाजूला, बारा बिऱ्हाडांची सोसायटी. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर, आणि घरातच संडास. या शेवटच्या गोष्टीसाठी मी कुठेही राहायला गेले असते. मालक म्हणजे एक निवृत्त ड्राफ्ट्समन आणि त्यांची बायको. मूलबाळ एकच, मुलगी, लग्न करून घाटकोपरला गेलेली. आता वय झालं, गुडघे चालत नाहीत, मुलीकडेच जाऊन राहणार, असं बाईंनी सांगितलं. तिचे यजमान, म्हणजे आजोबा, आम्हाला घर दाखवत होते. सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. बांधकाम चालू असताना रोज सकाळी येऊन स्लॅबवर पाणी मारायचे. कुठल्या भिंतीत विटा चांगल्या आहेत आणि कुठल्या भिंतीत कंत्राटदाराने हात मारला, सगळं त्यांनी सांगितलं. मग दहा मिनिटांनी पुन्हा तेच सांगितलं. म्हातारी माणसं तेच तेच बोलतात, असं मी मनाशी म्हटलं.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी नवरा झेरॉक्स काढायला खाली गेला होता. क्लार्क दुसऱ्याच कुणाच्या कागदांत डोकं घालून बसला होता. आजोबांनी पेन हातात घेतलं आणि बायकोला विचारलं, "घर कुणाचं विकतोय आपण?"

बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "पेन्शनचे कागद आहेत. सही करा."

त्यांनी सही केली. वळणदार, नकाशावर करतात तशी. मी भिंतीकडे बघत राहिले. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. आमचे चाळीतल्या खोलीचे पैसे आले होते, खोली सोडायची तारीख ठरली होती. तोंड उघडलं असतं तर सगळंच अडलं असतं. नवऱ्यालाही मी हे तेव्हा सांगितलं नाही.

नव्या घरात सगळ्यात जास्त हाल झाले सासूबाईंचे. मालवणाकडची बाई, लग्न होऊन आली ती थेट चाळीत. तिथे दार कधी लोटलेलं नसायचं. इथे सकाळी साडेआठला आम्ही दोघं बाहेर पडायचो, सहा वर्षांची मुलगी शाळेत जायची, आणि दुपारभर त्या एकट्या. शेजारची दारं बंद. मच्छीवाली आली तर तिलाही लोक जाळीच्या आडून भाव विचारायचे. सासूबाई सुरुवातीला गॅलरीत उभ्या राहायच्या, मग तेही सोडलं. मी घरी आले की विचारायचे, आज काय केलंत? म्हणायच्या, "काय करतलंय? बसलंय."

महिन्याभराने एका दुपारी कुलपात किल्ली फिरली आणि आजोबा आत आले. त्यांच्याकडे जुनी किल्ली राहिली होती, आणि आम्ही कुलूप बदललं नव्हतं. सासूबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. आजोबांनी चपला काढल्या, पाय धुतले, आणि त्यांना विचारलं, "तुम्ही कधी आलात गावाहून?" सासूबाईंनी सांगितलं, महिना झाला. मग उठून दोघांसाठी चहा केला.

संध्याकाळी मी आले तेव्हा दोघं बोलत बसले होते. थोड्या वेळाने त्यांची बायको जिना चढून आली, दम लागलेला, डोळे लाल. आजोबा मुलीकडून सगळ्यांचा डोळा चुकवून निघाले होते. बाईंनी माफी मागितली. मी म्हटलं, काही हरकत नाही, येत जा. सहज तोंडातून निघून गेलं.

ते येत राहिले. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. घाटकोपरहून मुलुंडपर्यंतचा रस्ता त्यांच्या पायांना पाठ होता. संध्याकाळी बाई न्यायला यायच्या. सासूबाई त्या दिवसांत पुन्हा माणसात आल्या. त्या आजोबांना गावाकडची विहीर, सासरा, होडी बुडून गेलेला भाऊ, सगळं सांगायच्या. आजोबा मन लावून ऐकायचे, आणि पुढच्या वेळेला त्यातलं काहीच त्यांच्या लक्षात नसायचं, म्हणून सासूबाई पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. त्यांच्यासाठी डब्यात चकली राखून ठेवलेली असायची. नवऱ्याला हे पटत नव्हतं. परका माणूस आपल्या घरात किल्लीने येतो, हे काय, म्हणायचा. मी विषय टाळायचे.

उन्हाळ्यात एका दुपारी सासूबाईंना ताप होता. त्या आणि मुलगी झोपल्या होत्या. आजोबा आले, चहासाठी गॅस लावला असावा. उकळी येऊन चहा उतू गेला, शेगडी विझली, गॅस चालूच. ते गॅलरीत जाऊन बसले होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वास आला म्हणून त्या धावत वर आल्या. सासूबाईंना आणि मुलीला उठवून जिन्यात आणलं. मुलीला ओकाऱ्या झाल्या. तेवढ्यावर निभावलं.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने नवीन कुलूप आणून बसवलं. आजोबांच्या मुलीच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, मी तिथे फोन करून बाईंना बोलावलं आणि सांगितलं की आता त्यांना पाठवू नका. बाई म्हणाल्या, पाठवत कोण आहे? पण लक्ष ठेवते. सासूबाईंना नवऱ्याने समोर बसवून सांगितलं, कुणी आलं तरी दार उघडायचं नाही. मीही तिथेच उभी होते, आणि मलाही तेच हवं होतं.

दोन आठवडे कुणी आलं नाही. मग एका गुरुवारी मी घरी आले तर सासूबाई दारामागे जमिनीवर बसलेल्या. आजोबा दुपारी आले होते. किल्ली घालून खूप वेळ खटपट केली. मग दार ठोठावलं. आधी बायकोला नावाने हाक मारली, मग म्हणाले, "आत कोण आहे? माझं घर आहे हो हे." ते बराच वेळ उभे होते. नंतर जिना उतरल्याचा आवाज आला.

मी विचारलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत?

"तुमीच सांगितलास मां, दार उघडू नको म्हणान."

संध्याकाळी बाई आल्या, नेहमीसारख्या त्यांना न्यायला. घरात ते नाहीत म्हटल्यावर त्या पायरीवरच बसल्या. नवरा आणि सोसायटीतले दोघं तिघं शोधायला गेले. स्टेशन, बाजार, देऊळ, चौकी. बाईंचे जावई आले. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मिठागरात काम करणाऱ्या माणसांना ते बांधाच्या कडेला पडलेले दिसले. अंगावर फोड आले होते, ओठ फुटलेले. जिवंत होते. इस्पितळात नेल्यावर छातीत पाणी झालं आणि नवव्या दिवशी गेले. आमच्या घरापासून ते ठिकाण दहा मिनिटांवर. त्या बाजूला कुणी शोधलंच नव्हतं. तिकडे कोण कशाला जाईल, असं सगळ्यांना वाटलं.

तेराव्यानंतर मी घाटकोपरला गेले. एकटीच. बाईंनी मला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. मी काहीतरी बोलायला लागले, कुलपाबद्दल, आमच्या मुलीबद्दल. त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, तुमच्या जागी मीही कुलूप बदललं असतं.

"त्या दिवशी कचेरीत त्यांनी मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐकलं होतंत का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. आपण खोटं का बोललो, हेही मला त्यांच्या घराचा जिना उतरेपर्यंत नीट कळलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर त्या ओझ्याखाली त्या एकट्या पडल्या नसत्या, हे फार उशिरा सुचलं. त्या नंतर कुठे राहिल्या, किती जगल्या, मी चौकशी केली नाही.

सासूबाई नवऱ्याशी बोलायच्या बंद झाल्या. भांडण नाही, काही नाही. त्याने विचारलं तर हो किंवा नाही. माझ्याशी कामापुरतं. मुलीला मात्र जवळ घेऊन झोपायच्या. गणपतीला आम्ही गावी गेलो, तेव्हा परतीच्या सकाळी त्यांनी आपली पिशवी भरलीच नाही. नवरा म्हणाला, आई, एसटी सुटेल. त्या पडवीत बसून होत्या. "तुमी जावा. मी हयंच रवतंय."

त्याने दोनदा विनवलं, एकदा आवाज चढवला. मग आम्ही निघालो. गावाकडे दिराचं बिऱ्हाड होतं, म्हणून आबाळ होणार नव्हती, असं आम्ही एकमेकांना एसटीत सांगत राहिलो. अडीच वर्षांनी त्या तिथेच वारल्या. मधल्या काळात आम्ही चार वेळा गेलो, त्या मुंबईत एकदाही आल्या नाहीत.

त्यांचे दिवस करून आल्यावर एका रविवारी मी नवऱ्याला कचेरीतली ती गोष्ट सांगितली. तो पंखा पुसत होता, स्टुलावर उभा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तेव्हा सांगितलं असतंस तर आपण घर घेतलं नसतं का?"

मी विचार केला. खरं तेच सांगितलं. म्हटलं, घेतलंच असतं.

तो खाली उतरला, फडकं धुवायला न्हाणीत गेला, आणि नळ बराच वेळ चालू राहिला.