चांदभाईंची पहिली थाळी

रिसोडच्या चांदभाईंनी चाळीस वर्षं लग्नांचा भात शिजवला आणि एक रीत कधी मोडली नाही. भात उतरला की पहिली थाळी स्वतः खायची, तीही चार माणसांसमोर. "मी जित्ता हाय, आता वाढा," म्हणायचे. पंचक्रोशीत नाव होतं, उगीच नाही.

मग लेक इकरा अमरावतीहून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आली अन् थेट बापाच्या भाताच्या डेगीतच शिरली.

"अब्बा, तुमी खाता अकरा वाजता, गरम. वऱ्हाड जेवते तीनले, कोमट. तुमी भलत्याच भाताची परीक्षा घेऊन राह्यले."

"चाळीस वर्षांत कोणी बिमार पडलं का?"

"दुसऱ्या दिवशी कोणाले इचारलं का?"

खरंच, डेगी धुतल्या की चांदभाई घरी. पाहुण्यांच्या पोटात पुढे काय झालं, अल्ला जाणे. त्यांना फार वाईट वाटलं. एवढं कमावलेलं नाव, अन् त्याला साक्षीदार एकच, तोही स्वतःच.

इकरानं समजावलं. पूर्वी अन्नात जंतू आहे की नाही, एवढंच पाहत. आता जंतू किती, कोमट भातात किती वेळात दुप्पट होतात, खाणारा धडधाकट की लेकरू, हे सगळं मांडून किती जण आजारी पडतील याचा अंदाज काढतात. भातातला एक जंतू तर उकळूनही मरत नाही, भात कोमट व्हायची वाट पाहत बसतो.

"म्हंजे तो बी वरातीसाठीच थांबते," चांदभाई म्हणाले.

पुढचं लग्न दौलतराव मास्तरांच्या सपनाचं. चांदभाईंनी ठरवलं, नवरदेव मांडवात आल्याशिवाय तांदूळ चुलीवर चढणार नाही. मानोऱ्याचं वऱ्हाड नाचत नाचत अडीचला आलं. लग्न पंधरा मिनिटांत लागलं, पंगत बसली, वांग्याची भाजी आली, बुंदी आली, भाताचा पत्ता नाही. नवरदेवाचे मामा फुलचंद पत्रावळीवर बोटं वाजवायला लागले.

मास्तर धावत आले. "चांदभाई, माही इज्जत जाऊन राह्यली."

"इज्जत अर्ध्या घंट्यात वापस येते, मास्तर. पोट गेलं तं येत नाही."

भात आला तो वाफाळत. लोक जेवले, नावं ठेवत का होईना, पण पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी चांदभाईंनी चाळीस वर्षांची चूक सुधारायला घेतली. पहिला फोन मामांना.

"पोट बरं हाय ना तुमचं?"

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "काहून? काय घातलं होतं भातात?"

"काही नाही. असंच इचारलं."

असंच कोणी कोणाचं पोट विचारतं का? संध्याकाळपर्यंत मानोऱ्यात अकरा जणांना मळमळायला लागलं आणि मामांनी तर अंथरूणच धरलं. इकरानं कपाळावर हात मारून घेतला.

चांदभाईंनी फोन बाजूला ठेवला. "भात ताजा होता, जंतूले टाइमच नाही भेटला. मंग हे अकरा जण तुह्या हिशोबात कोठी बसतात, ते सांग."