शारदाक्कांच्या पाळण्याची चाल

आपण मुद्दाम काही साठवलेलं नसतं, तरी एक दिवस मोबाईल 'स्टोरेज फुल' दाखवतो. आमच्या ताडकळसच्या भजनी मंडळाचे किस्से तसेच साठलेत. सोमवारी भजन संपलं की चहा येतो, आणि चहाबरोबर एखादा किस्सा निघतो. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहून काढतोय.

आधी हे किस्से कशामुळं सुरू झाले ते सांगतो. मंडळात पेटी वाजवतात ते आप्पा, किराणा दुकानवाले. त्यांच्या घरातल्या प्रत्येक लेकराचं बारसं एकाच पाळण्यानं झालंय. तो पाळणा गायच्या आप्पांच्या थोरल्या बहीण, शारदाक्का. गेल्या वर्षी अक्का वारल्या. शब्द वहीत राहिले, चाल त्यांच्याबरोबर गेली. रेकॉर्ड करायचं कुणाला सुचलंच नाही. घरातलं गाणं कोण रेकॉर्ड करतं?

आणि आप्पांना नात झाली! बारावा दिवस गेला, सव्वा महिना गेला, पण आप्पा बारसं करू देईनात.

"चाल सापडल्याबिगर नाव ठेवायचं न्हाई!"

सून म्हणाली, "मामंजी, दवाखान्याच्या कार्डावर अजून 'बेबी'च लिहिलंय!"

आप्पा हलले नाहीत. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्यांच्या शेजारीच आहे. ऑनलाइन गाणं शिकवणारं जे जे असेल ते मी शोधून द्यायचं असं ठरलं. मग आप्पांच्या मागोमाग सगळं मंडळच शिकायला लागलं.

*

पहिले आठ दिवस आप्पांनी गल्ल्यावर बसून पाळण्याचे व्हिडिओ ऐकले. एक संपला की मान हलवायची, "ही न्हाई." पुढचा. "ही बी न्हाई."

गिऱ्हाईक साखर मागायचं आणि जांभई द्यायचं. एका बाईचं कडेवरचं लेकरू झोपलं. त्याच्यामागोमाग आमचा दत्ता गुळाच्या पोत्यावर झोपला.

"आप्पा, दुकान हाय का दवाखाना?" उठल्यावर त्यानं विचारलं. "हितं आल्यावर माणूस बेशुद्धच पडायलाय!"

*

हा दत्ता शेतकरी. मंडळात टाळ वाजवायचा, आता व्हिडिओ बघून तबला शिकायलाय. शेतात लिंबाखाली मोबाईल फांदीला टेकवतो आणि बसतो. व्हिडिओतले सर एक बोल वाजवून दाखवतात, मग म्हणतात, "आता तुम्ही वाजवा," आणि तेवढी जागा मोकळी सोडतात.

एकदा ती मोकळी जागा आली तेव्हा दत्ता तंबाखू थुंकायला उठला होता. परत आला तर सर गप्प बसून समोर बघतायत. मग म्हणाले, "तुम्ही वाजवलं नाही."

आम्ही हसलो. मी तो व्हिडिओ काढून सगळ्यांसमोर लावला. मोकळी जागा गेली, आणि सर लगेच पुढच्या बोलाकडे वळले. ते वाक्य कुठंच नव्हतं.

"तुमाला कसं म्हणतील?" दत्ता म्हणाला. "तुमी कुठं उठला होता?"

*

आता देवळातलं. आमच्याकडे खरा तानपुरा नाही. माझ्या मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावायचं, मोबाईल नंदीच्या मागं ठेवायचा आणि त्या सुरात भजन म्हणायचं. त्या सोमवारी सूर इतका छान भरला की आप्पांनी एकच भजन तीनदा घेतलं.

शेवटी मी मोबाईल उचलायला गेलो. बंद! बॅटरी संपलेली. चार्जरला लावून बघितलं, तर ॲपमध्ये वाजल्याची वेळ होती दोन मिनिटं.

भजन चाललं होतं पाऊण तास.

मी आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "ह्याला चार्जिंग कर. आन् नंदीला हात जोड."

*

आमच्या मंडळातल्या कविता मॅडम शाळेत शिकवतात. संगीताची शिक्षिका शाळेला नाही. म्हणून मॅडम वर्गातल्या टीव्हीवर शिक्षकांच्या वेबसाइटवरचे धडे लावतात आणि पोरांकडून गाऊन घेतात. पोरांचं गाणं रेकॉर्ड करून त्या साइटवर पाठवलं की तिकडून सूचना येतात.

एकदा मॅडमनी वर्गाचं गाणं रेकॉर्ड केलं आणि पोरांनाच ऐकवलं. गाणं संपलं. सगळे गप्प झाले. आणि रेकॉर्डिंगमध्ये एकच आवाज शेवटची ओळ एकटा गात राहिला. बारीक, मुलीचा.

"कोण गं ती? सगळ्यांबरोबर थांबायला काय झालं?"

सगळ्या पोरांनी एकदम खिडकीजवळच्या बाकाकडं बोट केलं. बाक रिकामा होता.

पहिल्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "मॅडम, तिला रागावू नका. ती रोजच उशिरा संपवती."

मॅडमनी ते रेकॉर्डिंग पाठवलं नाही. आता गाणं संपल्यावर त्या एक ओळ होईल एवढा वेळ थांबतात, आणि मग टीव्ही बंद करतात.

*

माझाही एक आहे. एका ऑनलाइन क्लासमध्ये मी नाव घातलं. दूरच्या शहरातले सर शिकवायचे. मला लाज वाटते, म्हणून कॅमेरा बंद ठेवायचो. सरांना माझ्या जागी नुसता काळा चौकोन दिसायचा.

माझी पाळी आली. दुपारची वेळ, दुकानात मी एकटाच. कसाबसा सा लावला. सर म्हणाले, "छान. पण तुमच्या मागे आजी उभ्या आहेत, त्यांना बसायला द्या ना."

मी मागं बघितलं. चार्जर लटकवलेली भिंत.

परत स्क्रीन बघितली. कॅमेरा बंदच होता!

मंडळात सांगितलं तेव्हा दत्तानं विचारलं, "मंग काय केलास?"

"स्टूल ठेवलं."

"आन् पळाला न्हाईस?"

"क्लास चालू होता ना," मी म्हणालो.

*

बारशाचं मात्र अडलेलंच होतं. तीन महिने होत आले. सून माहेरी जायचं म्हणायला लागली. "तिकडं नाव ठिऊन येते," एवढंच बोलली. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

मग कविता मॅडमनी एक साइट आणली. आपण गायचं, ती स्वर लिहून देते. मॅडमनी लॅपटॉप दुकानात मांडला. आप्पांना पहिल्या ओळीचा अर्धा तुकडा तेवढा आठवत होता. तो त्यांनी म्हटला.

स्क्रीनवर स्वर यायला लागले. तुकडा संपला, आप्पा थांबले, पण स्वर येतच राहिले. चार ओळी पूर्ण झाल्या, मगच थांबले.

"अंदाजानं भरत असेल," मी म्हणालो.

आप्पांनी पेटी ओढली आणि ते स्वर वाजवले. दुसऱ्या ओळीला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हीच. हीच हाय."

तिसऱ्या ओळीच्या शेवटी चार मात्रा रिकाम्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "इथं काहीतरी गळलंय. मी भरून देऊ?"

"भरू नका!" आप्पा म्हणाले. "तितं अक्का गप ऱ्हायची. तितं ती पाळण्याची दोरी ओढायची."

चारच दिवसांत बारसं ठरलं. दुपारी चारला घर भरलं. मॅडमनी शब्द आणि स्वर लिहून झेरॉक्स काढल्या होत्या. चाल पहिल्यांदाच म्हणायची म्हणून प्रत्येक बाईनं कागद दोन्ही हातांनी धरलेला. आप्पा पेटीवर, दत्ता तबल्यावर. लेकरू पाळण्यात.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरीच्या शेवटी सगळ्या बायका कागदावर लिहिल्याप्रमाणे गप्प झाल्या. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कागदाच्या नादात दोरी कुणीच हातात घेतलेली नाही. ती जमिनीवर पडली होती.

दोरी जमिनीवरून उचलली गेली. ताठ झाली. पाळणा एक झोका पुढं गेला, आणि मागं आला.

लेकरू हसलं.

बायकांचे कागद खाली आले. सून पाळण्याकडं धावली.

आप्पांनी पेटीवरचा हात काढला नाही. "ऱ्हाऊ दे पोरी," ते म्हणाले. "चौथी ओळ घ्या."