पौषात लग्न नको, ग्रीन कार्ड चालेल

मंडळी, माझं अभिनंदन करा. होणाऱ्या नवऱ्याचं अमेरिकेचं ग्रीन कार्ड आज मंजूर झालं. इथे शारजात, हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात त्याचा फोन आला.

त्याच्या कंपनीच्या वकिलाने बजावलं होतं, मंजुरीआधी लग्न रजिस्टर करा, म्हणजे बायकोही त्याच अर्जात येईल. मी म्हटलं, यल्ला, चल लवकर, सुट्टी काढून ये, सह्या करून टाकू. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "पौषात लग्न? आमच्यात नाही चालत." त्याने सुट्टी काढलीच नाही.

आता लग्न केलं तरी माझा अर्ज वेगळा, रांग वेगळी. तोवर काही वर्षं मी शारजातच.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "अगं, अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले!"

पौष अजून संपलेला नाही. पेढ्यांना तो चालतो का हो?