कानबाई कृपा दगडू सुपडू हिरामण गंगाबाई आणि परिवार

कुणाचंही नाव गाळायचं नाही, या एका व्रतापायी माझ्या साडूंनी खंभातच्या आखातात जेवढा घोळ घातला, तेवढा वादळांनीही घातला नसेल. डिंडोलीतल्या आमच्या दारावर त्यांची थाप पडली आणि मी "कोण?" म्हटलं, की बाहेरून वडील, आजोबा, गाव, तालुका असं सगळं ओळीनं येतं, तोवर इकडे चहा उतू गेलेला असतो. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांची इतकी गर्दी झाली, की लग्नाची वेळ पाकिटावर छापावी लागली.

साडू मूळचे कापडाच्या लूमवरचे मेकॅनिक. पुढे बोटींची इंजिनं दुरुस्त करता करता त्यांनी एक जुनी लाँचच विकत घेतली. नांगरलेल्या जहाजांना ती भाजीपाला पोचवते. लाँचचं नाव ठरलं कानबाईच्या रोटाला, म्हणजे भाऊबंदांनी मिळून खायच्या देवीच्या प्रसादाला. रोटाला एक जरी भाऊबंद राहिला, तर आम्हां खानदेशी लोकांच्या घशाखाली घास उतरत नाही. मग देवीमागोमाग वारलेले थोरले भाऊ दगडू, पाठचे सुपडू आणि हिरामण, आई गंगाबाई, सगळे लाँचवर चढले. सासरकडच्यांचं काय, असं मीही खोकून सुचवलं. 'आणि परिवार' हे शब्द माझ्यासाठी आहेत, असं बायको सांगते. साडूंच्या स्वतःच्या नावाला मात्र जागा उरली नाही.

वायरलेसवर आपल्या बोटीचं नाव तीनदा सांगायचा रिवाज आहे. साडू ते तीनदा, पूर्ण सांगत. बंदरावरचा कंट्रोलवाला वैतागून म्हणे, "काका, बोटनुं नाम बोलो, कुटुंबनुं पछी."

"नंतर कशाला? कुटुंबच आहे ते," साडू शांतपणे उत्तर देत आणि पहिल्यापासून सुरू करत.

एकदा भर वाटेत लाँचचं इंजिन बंद पडलं. समोरून मोठं जहाज येत होतं. साडूंनी वायरलेसचं बटण दाबलं, पण नाव दुसऱ्यांदा हिरामणपर्यंत पोचतं तोवर जहाज अगदी जवळून निघून गेलं. लाटेनं सगळी वांगी समुद्रात गेली. माणसं वाचली. दुसऱ्याच दिवशी बंदरातून निरोप आला: नाव छोटं करा, नाहीतर काम बंद.

घरी बैठक बसली. कुणाचं काढायचं? सुपडूभाऊ छताकडे बघत राहिले, हिरामणभाऊंना अचानक तंबाखू मळायची आठवण झाली. मी 'परिवार' सोडायला तयार होतो. तेवढ्यानं भागणार नव्हतं. शेवटी दगडूभाऊंच्या मागे राहिलेल्या वहिनी दाराआडून म्हणाल्या, "भाऊ, त्या तं गयात. त्यासनं काढी टाका."

साडू सकाळी रंगाचा डबा घेऊन गेले आणि एकट्या दगडूभाऊंचं काढण्याऐवजी त्यांनी देवी सोडून सगळ्यांचीच नावं पुसली.

आता कामं वेळेवर होतात. परवा मी त्यांच्यासोबत लाँचवर होतो. त्यांनी बटण दाबलं, "कानबाई, कानबाई, कानबाई," म्हणाले. संपलं. पण त्यांच्या हाताचं बोट बटणावरून उठेना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पलीकडे नुसती इंजिनाची धडधड जात असणार. बटण सुटल्यावर कंट्रोलवाला रागवेल असं मला वाटलं. तो थोडा थांबला आणि हळूच म्हणाला, "बोलो काका, सांभळुं छुं." ऐकत होता तो.

साडूंनी फक्त, भाजी ज्या जहाजाला द्यायची होती, त्याचं नाव सांगितलं.