मामांचं मीठ

शिरूरजवळच्या आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचं भंगार वितळवतात. मळ वर यावा म्हणून भट्टीत फ्लोराइडची पांढरी पूड टाकतात. भट्टीवरचे मामा तिला मीठच म्हणतात आणि आमटीत घालावं तसं उघड्या हातानं, अंदाजानं टाकतात. लॅबसाठी नमुना घ्यायला मी गेले की धूर उठण्याआधी ओरडतात, “मॅडम, तोंड झाका! तुमाला सवय न्हाई.” त्यांच्या स्वतःच्या तोंडाला काहीच नसतं.

भुईमूग काढणीच्या दिवसांत त्यांनी त्या मिठाची एक रिकामी गोणी झटकली. “ह्यावर काय लिवलंय वो? शेंगा भराया न्हेतो घरी.”

विषारी, खाण्याच्या वस्तू ठेवू नयेत, असं इंग्रजीत ठळक छापलं होतं. मॅनेजर शेजारीच उभे होते. असले शब्द कामगारांसमोर काढलेले त्यांना चालत नाहीत.

“कंपनीचं नाव आहे,” मी म्हणाले.

आठवड्यानं मामांनी माझ्या टेबलावर ओंजळभर शेंगा ठेवल्या. ते वळताच मी त्या कचऱ्यात टाकल्या आणि साबणानं हात धुतले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे ओरडले, “मॅडम, तोंड झाका!” मग हसून म्हणाले, “नातीनं निम्मी गोणी संपिवली. गोड हायत्या न्हवं?”

मास्कच्या आडून मी म्हणाले, “खूप गोड, मामा.”