भिरुडाची चित्रं

हे मी आजवर कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हालाच का सांगतोय? — ते पुढे येईलच.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. जामसंड्यात मी शेतीखात्यात सहायक होतो. आंब्याचं खोड आतून पोखरणाऱ्या भिरुडावर बागायतदारांसाठी पुस्तिका काढायची होती. चित्रं मी काढीन, असं वर कळवून बसलो होतो — आणि मला साधं पान काढता येत नाही!

शेजारच्या सुमतीवहिनींना येत होतं. माहेर सावंतवाडीच्या चिताऱ्यांचं, लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांचं. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, शिवणकामावर घर. मी भिरुडाचे भुंगे टाचणीला लावून नेऊन द्यायचो.

"भावजी, ह्येची एक मिशी मोडलेली आसा. मोडकीच काढू, की नवी लावू?"

"आहे तशी काढा."

"मगे खाली लिवतंय, भावजींनी मोडली म्हणान!"

एक चित्र मी न सांगता त्यांनी बागेत बसून काढलं : बुंध्याशी पडलेला ओला भुसा. खोडातली अळी कुणाला दिसते? भुसा दिसतो. त्या चित्रावरून कितीजणांनी कलमं वाचवली.

आणि नाव? "सरकारी पुस्तकात नाव घालत नाहीत, वहिनी." मी सांगितलं. धडधडीत खोटं. त्या हसल्या. "आमच्याकडे तरी खेळण्यार कोण नाव घालता? पोरां काय नाव वाचूक खेळतत?" — त्यांच्या घरची रीतच ती. मी तिच्याआड लपलो. 'चित्रे' या शब्दापुढे माझं नाव छापून आलं. प्रत त्यांना दिली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी... पण एकदा खात्याचे साहेब माझ्या घरी आले. मूळ चित्रं बघत राहिले. म्हणाले, "हा हात कुणाचा? कचेरीत चित्रकाराची जागा निघतेय. याच माणसाला घेऊ."

वहिनी भिंतीपलीकडे होत्या. मशीनचा आवाज येत होता.

"मीच काढली, साहेब."

"छे! मग तुम्हाला कसं सोडणार? किडे कोण मारील?" साहेब हसले. मीही हसलो — होय, हसलो. जागा दुसऱ्या कुणाला गेली.

वहिनी अजून शिवतात. अजून काढतातही — कालच अंगणात काजूच्या मोहराचा रस शोषणारा ढेकण्या किडा काढत होत्या, थोरली लेक शेजारी बसून रंग भरत होती. हात तसाच आहे, उलट अधिक धीट. पुस्तिका पुन्हा छापायची ठरली तेव्हा मी साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांना सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं : नाव बदलू, काजूच्या पुस्तिकेची चित्रं बाईंनीच करावीत, मोबदल्यासह.

ते पत्र माझ्या खिशात आहे. ते द्यायला गेलो की त्या विचारतील, पहिल्या पुस्तिकेवर कुणाचं नाव होतं? ते, आणि त्या नोकरीचं — दोन्ही माझ्या तोंडाने त्यांना सांगायचं राहिलं आहे. म्हणून आधी तुम्हाला सांगून बघितलं.